सूर्यास्तापूर्वीची मुंबई

आलापल्लीचे सागवान दूरदूर जाते. आम्ही आलापल्लीचे दुकानदार मात्र चंद्रपूर-नागपूरच्या घाऊक बाजारापलीकडे सहसा जात नाही. गेलो तर लग्नकार्याला किंवा दवाखान्याला. आमच्या सासूबाई आता शहात्तर वर्षांच्या आहेत. त्यांतील पन्नासहून अधिक वर्षे दुकानामागच्या घरात गेली. समुद्र त्यांनी एकदाच पाहिला होता, तोही मोटारीच्या बंद काचेतून.

ती गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. ठाण्याला लग्न होते, मुंबई जवळच होती, म्हणून दिवसभरासाठी मोटार ठरवली. एका दिवसात दहा ठिकाणे दाखवण्याचे चालकाने कबूल केले होते. प्रत्यक्षात अर्धा दिवस सिग्नलवर गेला. जेवणाचा डबा लग्नघरीच राहिला होता. परत जाऊन जेवू, असा आमचा हिशेब. सायंकाळी एका उड्डाणपुलावर वाहने अडकली आणि सूर्य तेथेच मावळला. सासूबाईंचा चौविहार. त्या रात्री त्यांच्या पोटात पाण्याचा थेंबही गेला नाही. त्या एका शब्दानेही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे वाटले असते. पुढे कोठे जायचे म्हटले की ‘तुम्ही जाऊन या, माझे नियम आडवे येतात’ एवढेच उत्तर मिळू लागले.

नियम आडवा आला नव्हता, आमची आखणी चुकली होती. म्हणून या जानेवारीत सूर्यास्त आधी धरला आणि उरलेला दिवस त्याच्या मागे बसवत गेलो. अनेक वाचक भगिनींनी खर्चासह तपशील मागितला, तो देत आहे.

पहिली गोष्ट घड्याळाची. आलापल्ली आणि मुंबई जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, पण रेखांशात सुमारे सव्वासात अंशांचा फरक आहे. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे मुंबईत सूर्य आपल्यापेक्षा साधारण अर्धा तास उशिरा उगवतो आणि उशिराच मावळतो. जानेवारीच्या मध्यास आपल्याकडे सूर्यास्त पावणेसहाच्या पुढे पाच-सात मिनिटांनी होतो, मुंबईत सहा वीसच्या सुमारास. सायंकाळी अर्धा तास हाती येतो. मात्र सकाळी नवकारशीही तेवढीच लांबते. गावचे पंचांग पिशवीत घालून नेले तर दोन्ही वेळा चुकतात. मुंबईच्या वेळा वेगळ्या लिहून न्याव्यात.

दुसरी गोष्ट गाडीची. नागपूरहून सायंकाळी पाचनंतर सुटणारी विदर्भ एक्सप्रेस दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचते आणि तेथूनच सायंकाळी सातनंतर परत निघते. मधले बारा तास आपले, रात्री मुक्कामाचा खर्च नाही. स्लीपरचे भाडे माणशी पाचशेच्या आसपास पडते. आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. त्याच आठवड्यात करावे. ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तेव्हा तिची आशा धरू नये. एसटीत मात्र पंचाहत्तरीपुढील प्रवाशांस राज्यात विनामूल्य प्रवास आहे आणि महिलांना अर्धे तिकीट. यजमानांचे पूर्ण, माझे व लेकीचे अर्धे, सासूबाईंचे शून्य. चौघांचा नागपूरपर्यंतचा एसटीचा प्रवास दोन तिकिटांत झाला. आधार कार्ड वरच्या कप्प्यात ठेवावे.

वार रविवार धरला. फोर्ट भागातील कचेऱ्या बंद असतात, पदपथ मोकळे मिळतात. बरीच दुकानेही बंद असतात, हा खर्चाच्या दृष्टीने वेगळा लाभ. तिथी पाहून अष्टमी-चतुर्दशी टाळली, म्हणजे हिरव्या भाजीची अडचण नको.

नागपुरात पाच वाजताच स्थानकावर जेवण उरकून गाडीत बसलो. पाण्याचा प्रश्न थोडा बिकट असतो. थंडीत उकळलेल्या पाण्याची मर्यादा चार प्रहरांची, आणि गाडीत विजेची किटली लावण्यास रेल्वेची मनाई आहे. म्हणून सकाळी उतरताच सामान स्थानकाच्या क्लोकरूममध्ये ठेवले (पिशवीला कुलूप असल्याशिवाय घेत नाहीत) आणि सी. पी. टँक परिसरातील धर्मशाळेत काही तासांपुरती खोली घेतली. फोन करून आधी विचारले होते. स्नान झाले, पाणी उकळून गार करून भरून घेतले, आणि आठ वाजून गेल्यावर दशम्या व खाकऱ्यांवर नवकारशी झाली. तेथून पायधुनीच्या गोडीजी पार्श्वनाथांचे दर्शन घेतले. अकराला काळबादेवीच्या भोजनालयात जेवण. बटाटा, कांदा, लसूण नको हे समजावून सांगण्याची मुंबईत गरज पडत नाही; वाढपी स्वतःच ‘जैन?’ म्हणून विचारतो. सासूबाईंना याचे फार अप्रूप वाटले.

येथे दुकानदारी हिशेब कामी आला. बेस्टचे किमान भाडे मे २०२५ पासून दहा रुपये आहे, काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे एकतीस. चौघे असाल तर दीड किलोमीटरपर्यंत टॅक्सी बसपेक्षा स्वस्त पडते! लांबच्या टप्प्याला बस घ्यावी.

पाहायचे किती, यावर घरात वाद झाला. लेकीला घारापुरी हवी होती. होडीने जाण्यायेण्यातच दोन तास, वर पायऱ्या. सासूबाईंना ते झेपले नसते. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयही सोडले. तेथील संग्रहात पार्श्वनाथांची अतिप्राचीन उभी धातुमूर्ती आहे. ते संग्रहालय घाईत उरकण्यासारखे नाही, त्यासाठी वेगळा दिवस काढावा. हँगिंग गार्डन, वाळकेश्वर, तेही नाही. फक्त फोर्टचा पट्टा, पूर्वेच्या समुद्रापासून पश्चिमेच्या समुद्रापर्यंत. मध्ये थोडे चालणे, थोडे बसणे.

फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी उभारलेली टर्मिनसची इमारत (१८८७) समोरच्या पदपथावरून पाहिली. हुतात्मा चौकातून हॉर्निमन सर्कलला आलो. टाऊन हॉलच्या तीस पायऱ्या सासूबाईंनी खालूनच मोजल्या. १८५०च्या सुमारास याच परिसरात झाडांखाली उभे राहून दलाल शेअरचे सौदे करीत. त्यांतूनच पुढे १८७५ मध्ये शेअर दलालांची संस्था, म्हणजे आजचा मुंबई शेअर बाजार, आकाराला आला. यजमान त्या झाडांखाली बराच वेळ रेंगाळले.

गेटवेवर गर्दी होती. १९११ च्या राजभेटीचे हे स्मारक पुरे झाले १९२४ मध्ये. सासूबाईंनी दगडाला हात लावला, होड्या पाहिल्या आणि म्हणाल्या, “हा समुद्र नाही, हे बंदर आहे.” बरोबरच होते त्यांचे.

दिवसाचा मुख्य मुक्काम ओव्हल मैदानावर होता. तेथून विद्यापीठाचा राजाबाई मनोरा समोर दिसतो. आत चढू देत नाहीत, त्यामुळे तिकीट नाही. मैदानाच्या कडेला सावलीत बसून मी सासूबाईंना त्याची हकीकत सांगितली. सुरतेहून आलेल्या जैन घराण्यातील प्रेमचंद रायचंद हे कापसाच्या व्यापारातले मुंबईचे सर्वांत मोठे नाव. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस थांबला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या आणि त्यांच्या शेअरवर मुंबई वेडी झाली. त्या भरात, १८६४ मध्ये, त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, कंपन्या बुडाल्या, आणि प्रेमचंदशेठही त्यात सापडले. मनोऱ्याची पायाभरणी झाली १८६९ मध्ये, काम पुरे झाले १८७८ मध्ये. देणगी तेजीतली, मनोरा मंदीनंतरचा. त्याला आपल्या मातोश्रींचे नाव द्यावे, एवढी त्यांची अट. सांगतात की राजाबाईंना दिसत नसे. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा त्यांचा नियम होता, आणि मनोऱ्याच्या टोल्यांवरून त्यांना वेळ कळे. ही आख्यायिका कितपत खरी, हे ठरवण्याच्या भरीस मी पडले नाही.

सासूबाई बराच वेळ वर घड्याळाकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे तिच्या लेकानेही तिच्या जेवणाची वेळ आधी धरली म्हणायची.”

मी उत्तर दिले नाही. उड्डाणपुलावरची ती संध्याकाळ आम्हा दोघींनाही आठवली असावी.

ओव्हलवरून पश्चिमेला सरळ चालत गेले की दहा-पंधरा मिनिटांत मरीन ड्राइव्ह येते. वाटेतल्या गोलाकार सज्ज्यांच्या आर्ट डेको इमारती ओव्हलच्या दुसऱ्या अंगाच्या गॉथिक इमारतींसह २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. सव्वापाचला कठड्यावर सतरंजी टाकली. थेपले, मुगाची कोरडी उसळ, शेंगदाण्याची चटणी, पेरू. लाटा आणि वारा यांपुढे चटणीच्या डब्याचे झाकण टिकले नाही, तेवढे एक नुकसान.

धर्मशाळेची खोली, भोजनालय, टॅक्सी, बस, क्लोकरूम मिळून चौघांचा शहरातील खर्च १,५०० रुपयांच्या आत राहिला. मागच्या वेळी एकट्या मोटारीचे साडेचार हजार गेले होते.

सहाला दहा कमी असताना यजमान उठण्याची घाई करू लागले; गाडी सातची होती आणि सामान सोडवायचे होते. सूर्य अजून पाण्याच्या हातभर वर होता. सासूबाईंनी मनगटावरचे घड्याळ पाहिले. “आलापल्लीला आत्ता मावळला असेल,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी लेकीच्या हातून तांब्या घेतला, उरलेले पाणी घोट घोट घेत संपवले, आणि हात जोडून पच्चक्खाण घेईपर्यंत समुद्रावरची नजर हलवली नाही.