औंधचे बॅरिस्टर

परराष्ट्र खात्यातल्या जुन्या मराठी माणसांची नावे निघाली की अप्पासाहेब पंत यांचे नाव येतेच, आणि बहुधा एक शेरा सोबत घेऊन येते. औंधच्या राजाचे चिरंजीव, ऑक्सफर्डला शिकलेले, लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झालेले, वर नेहरूंच्या मर्जीतले. मग राजदूतपदे चालून आली यात नवल ते काय? शेरा अर्धा खरा आहे. १९४८ साली स्वतंत्र भारताची परराष्ट्र सेवा नुकती उभी राहत होती, आणि घराणे व ओळखी यांचा उपयोग होत नव्हता असे कोणी म्हणणार नाही. पण खुर्ची कशी मिळाली आणि खुर्चीवर बसून काय केले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर ऑक्सफर्डमध्ये सापडत नाही. पंतांची खरी उमेदवारी औंध, आटपाडी आणि कुंडलला झाली, असे माझे मत आहे.

औंध संस्थान म्हणजे सलग मुलूख नव्हता. राजधानी आजच्या सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात, आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात, गुणदाळचा तुकडा थेट विजापूरकडे. गावे जेमतेम बहात्तर. कूळकायदा, वहिवाट, पाण्याचे तंटे सगळे तुकड्या-तुकड्यांत विखुरलेले. बॅरिस्टर होऊन परतलेल्या मुलाने मुंबईच्या हायकोर्टात बस्तान बसवावे हा तेव्हाचा रिवाज. पंत मात्र वडिलांच्याच संस्थानात राज्यघटना करायला बसले. वडील भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले, गांधीजींचा सल्ला घेतला गेला, मॉरिस फ्रीडमन हा पोलंडमधून आलेला इंजिनिअर मदतीला होता, आणि जानेवारी १९३९ मध्ये घटना अमलात आली. तिची बांधणी बघण्यासारखी आहे. गावाने पाच जणांची पंचायत निवडायची, पंचायतींच्या प्रमुखांची तालुका पंचायत व्हायची, आणि तालुक्यांतून प्रतिनिधी संस्थानच्या विधिमंडळात जायचे. गावचा तंटा गावातच मिटवण्यावर भर होता. महाराष्ट्रात त्रिस्तरीय पंचायत राज आले ते १ मे १९६२ रोजी. म्हणजे आटपाडीकर या बाबतीत बाकीच्या महाराष्ट्राच्या तेवीस वर्षे पुढे होते. (खटाव-आटपाडीला मागास म्हणायची आपली सवय जुनी आहे, म्हणून हे आवर्जून सांगितले.)

यावर कोणी म्हणेल की राजाने खुशीने दिले ते स्वराज्य कसले? ते तर बक्षीस झाले. आणि मार्च १९४८ मध्ये संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झाल्यावर ते संपलेही. आक्षेप वजनदार आहे. नऊ वर्षांत कोणत्याही व्यवस्थेचा कस लागत नाही, हेही मान्य. पण त्याच नऊ वर्षांत १९४२ येऊन गेले. साताऱ्यात प्रतिसरकार उभे राहिले, त्यात कुंडल आघाडीवर होते, आणि इंग्रजांचे पोलीस मागावर असलेल्या भूमिगतांना औंधच्या हद्दीत आसरा मिळत होता. एका बाजूला इंग्रज सरकारशी कागदोपत्री मर्यादा सांभाळायची, दुसऱ्या बाजूला बंड करणाऱ्या आपल्याच माणसांना तोंडघशी पाडायचे नाही: ही कसरत करणाऱ्या राज्यकारभारात ज्याने काम केले, त्याला मुत्सद्देगिरी वेगळी शिकवायची गरज नव्हती.

नैरोबीला १९४८ मध्ये भारताचे कमिशनर म्हणून गेल्यावर पंतांपुढे तेच कोडे मोठ्या आकारात आले. पूर्व आफ्रिकेत वर गोरे मळेवाले, खाली आफ्रिकी जनता, आणि मधे दुकानदार, कारकून, कंत्राटदार असे हिंदी लोक. या मधल्या लोकांची अपेक्षा अशी की आपल्या देशाचा माणूस आला, आता आपले हक्क वाढवून मिळतील. पंतांनी त्यांना सांगितले ते उलटे. देश आफ्रिकी लोकांचा आहे, तुम्ही त्यांच्या सोबतीने उभे राहा. नेहरूंचे धोरणही हेच होते. पण दिल्लीतून धोरण सांगणे सोपे आणि मोंबासाच्या व्यापाऱ्याच्या गळी उतरवणे अवघड. आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतीय विद्यापीठांत शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. तिथल्या हिंदी लोकांनी गांधीस्मारकासाठी जमवलेला निधी सर्व वंशांच्या मुलांना खुल्या असलेल्या तंत्र महाविद्यालयाकडे वळला, आणि आजच्या नैरोबी विद्यापीठाच्या मुळाशी तेच महाविद्यालय आहे. घराण्याकडची सत्ता रयतेकडे जाताना ज्याने जवळून पाहिली, त्यालाच दुसऱ्यांना 'तुमचा वरचष्मा सोडा' म्हणायचा अधिकार पोचतो.

पुढची कारकीर्द लांबलचक आहे: गंगटोक, जकार्ता, ऑस्लो, कैरो, लंडन, रोम. सगळीकडे तीच मात्रा लागू पडली असे नाही. १९६२ च्या आशियाई खेळांच्या वेळी जकार्तात जमावाने भारतीय वकिलातीवर हल्ला केला तेव्हा राजदूत पंतच होते. इस्रायल आणि तैवानला वगळल्याबद्दल भारतीय क्रीडा प्रतिनिधीने घेतलेला आक्षेप हे त्याचे निमित्त. लोकांशी जोडलेले नाते दोन सरकारांमधली तेढ थोपवू शकत नाही, इतकाच त्याचा अर्थ.

सर्वांत अवघड आक्षेप केनियाबद्दलचाच आहे. परक्या राजवटीत राहून तिच्या विरोधकांशी घरोबा करणे हे दूताचे काम का? ऑक्टोबर १९५२ मध्ये आणीबाणी पुकारून इंग्रजांनी आफ्रिकी जनतेचे नेते जोमो केन्याटा यांना पकडले, आणि केन्याटांच्या वर्तुळात ऊठबस असलेले पंत इंग्रजांच्या डोळ्यांत खुपू लागले. वसाहत सरकारच्या तक्रारी दिल्लीपर्यंत गेल्या. रिवाजाच्या काटेकोर मापाने इंग्रजांचे म्हणणे चूक नव्हते. परंतु कापेंगुरियाच्या खटल्यात केन्याटांच्या बचावासाठी नेहरूंनी दिवाण चमनलाल यांना धाडले होते. म्हणजे हा एकट्या पंतांचा उतावीळपणा नव्हता, देशाची ठरलेली भूमिका होती. भूमिका देशाची, पण किंमत मोजली पंतांनी: १९५४ साली त्यांना नैरोबी सोडावे लागले. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली.