घड्याळातल्या कॅलरी आणि तेलाचा डबा

आपल्या वस्त्यांमध्ये आता पहाटे चालायला जाणारी माणसे दिसू लागली आहेत. नांदेडच्या स्टेडियमवर, लातूरच्या आंबेडकर पार्कात बायाबापड्या, नोकरदार, ऑटोवाले सगळेच दिसतात. ही चांगली गोष्ट आहे. पण त्यांच्यासोबत एक नवीन हिशेबही वस्तीत शिरला आहे. मनगटावरचे घड्याळ सांगते की आज ३०० कॅलरी जळाल्या. मोबाईलमधले अॅप ४०० सांगते. तेवढे जळालेच आहे तर एखादा समोसा चालतो, असे म्हणून परत येताना टपरीवर थांबणे होते. महिन्याने काटा हलत नाही आणि माणूस म्हणतो, 'आपल्या अंगालाच लागत नाही चालणं.' मग चालणे सुटते.

आमचे म्हणणे असे की दोष अंगाचा नाही, आकड्याचा आहे.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली मनगटावरची सात यंत्रे ६० जणांवर तपासली. हृदयाचे ठोके बहुतेक यंत्रांनी बऱ्यापैकी बरोबर मोजले. कॅलरी मात्र एकालाही नीट मोजता आल्या नाहीत. सर्वांत चांगले यंत्र सरासरी २७ टक्क्यांनी चुकले, सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. कारण साधे आहे. घड्याळ कॅलरी मोजत नाही. ठोके, हाताची हालचाल, वय आणि वजन यांवरून ते अंदाज करते. एकाच वजनाच्या दोन माणसांत एकाचे अंग कष्टाने कसलेले आणि दुसऱ्याचे चरबीचे असेल, तर दोघांचा खर्च सारखा नसतो. त्यातही शांत बसलेल्या शरीराचा खर्च काढायची परदेशी सूत्रे भारतीय माणसाचा खर्च जास्तच दाखवतात, हे आपल्याकडच्या पोषणतज्ज्ञांनी मांडलेले आहे.

आणखी एक गोम आहे. आपण झोपलो तरी शरीर दर किलो वजनामागे तासाला साधारण एक कॅलरी वापरतेच. अनेक यंत्रे हा बसल्या जागेचा खर्चही व्यायामाच्या खात्यात धरतात. म्हणून आकडा फुगतो.

मग खरा अंदाज कसा करावा? त्याला यंत्र लागत नाही. सपाट रस्त्यावर नेहमीच्या वेगाने चालताना वजनाला किलोमीटरने गुणावे आणि दोनने भागावे. वजन ६० किलो आणि चालणे अडीच किलोमीटर असेल, तर जादा खर्च ७५ कॅलरी. पळणाऱ्याने दोनने भागू नये. हाही अंदाजच आहे, पण तो फुगलेला नाही.

आता हा आकडा स्वयंपाकघरात नेऊन पाहू. चहाचा एक छोटा चमचा तेल म्हणजे ४५ कॅलरी. साखरेचा एक चमचा २०. म्हणजे अर्ध्या तासाचे चालणे दोन चमचे तेलातही पुरत नाही. दिवसात चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, याचे नुसत्या साखरेचे १६० झाले. अंगावरची एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. रोज ७५ च्या हिशेबाने एक किलो उतरायला साडेतीन महिने लागतील. त्याच चालण्याला रोजच्या खाण्यातली ३०० कॅलरीची काटछाट जोडली, तर सुरुवातीला तेच काम तीन आठवड्यांत होते. वजन उतरत गेले की शरीराचा खर्चही घटतो, म्हणून पुढे वेग मंदावतो. त्याने खचून जाऊ नये.

म्हणून मोजायचेच असेल तर तेलाचा डबा मोजा. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागत असेल आणि ते चार लिटरवर आणले, तर प्रत्येकाच्या वाट्याच्या रोज ६८ कॅलरी कमी होतात. म्हणजे जवळपास अर्ध्या तासाच्या चालण्याइतक्या, आणि पैसे वाचले ते वेगळेच. कोसलचा राजा पसेनदी अति जेवून धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला, ही कथा संयुत्त निकायात आहे. बुद्धांनी त्याला भोजनातली मात्रा सांगितली. राजाने ताटातला भात मापाने हळूहळू कमी केला आणि तो सडपातळ झाला.

याचा अर्थ चालू नये असा कुणी काढू नये. चालण्याने साखर आणि रक्तदाब ताब्यात राहतो, झोप लागते, गुडघे-कंबर धड राहतात. आठवड्याला किमान १५० मिनिटे चालावेच. फक्त त्याच्या बदल्यात समोसा मागू नये.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दिवसभर खुरपणारी, विटा वाहणारी, चार घरची धुणीभांडी करणारी आपली आई-बहीण घड्याळ वापरत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या हिशेबाप्रमाणे ५५ किलोच्या बैठ्या कामाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे १६६० कॅलरी लागतात, जड कष्टाच्या स्त्रीला २७२०. हा फरक चार भाकरींइतका आहे. अशा बाईला 'वजन कमी कर, भाकरी सोड' असा सल्ला कुणी देऊ नये. अंगात रक्त कमी असलेल्या, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईनेही जेवण तोडू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारूनच खाणे कमी करावे. पण कष्ट सुटून दुकानात, ऑफिसात, ऑटोत बसणे आले आणि ताट मात्र जुन्या कष्टाचेच राहिले, तर पोट सुटणारच. आपल्या एका पिढीत हा बदल झाला आहे. त्याची लाज नको, जाण हवी.

वजनापेक्षा पोट पाहा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले की भारतीय माणूस दिसायला बारीक असूनही आतून चरबीचा असू शकतो. कमरेचा घेर पुरुषाचा ९० आणि स्त्रीचा ८० सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल, तर सावध व्हावे. आशाताई तिशीपुढच्या माणसांचा फॉर्म भरायला येतात, त्यातही कमरेचे माप असते. त्यांना परत पाठवू नका. साखर आणि रक्तदाबाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. बाबासाहेबांनाही अखेरच्या वर्षांत मधुमेहाने किती छळले, हे आपण जाणतो.

आमची सूचना साधी आहे. घड्याळाला दोन-तीन हजार घालण्याआधी शिलाईचा टेप आणि एक वही घ्या. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी उपाशीपोटी, कमरेचा घेर आणि वजन लिहा. महिनाअखेर तेल आणि साखर किती संपली, तेही शेजारी लिहा. विहारात रविवारच्या वंदनेनंतर महिला मंडळाने एक वजनकाटा ठेवला, तर सगळ्या वस्तीची सोय होईल. दोन महिन्यांत घेर उतरला नाही, तर ताटातून थोडे आणखी कमी करा. तुमचा खरा खर्च किती, हे त्या वहीइतके खरे कोणतेही यंत्र सांगणार नाही.