देश कोणता, हा दुसरा प्रश्न

चाटी गल्लीतील कापडाच्या पेढ्यांवर दुपारची गिऱ्हाइकी ओसरली की अलीकडे एक विषय हमखास निघतो. मुलगा पुण्याहून शिकून आला आहे, त्याला बाहेर जायचे आहे, आणि देश ठरत नाही. दुबई म्हणावे तर थोरले काका अनुकूल. कॅनडा म्हणावे तर मामेभाऊ तिथे आहे. ऑस्ट्रेलियाची माहितीपत्रके एजंटाने कालच आणून दिली आहेत. असे घर शोधायला सोलापुरात फार फिरावे लागत नाही. प्रत्येक देशाच्या बाजूने एक नातेवाईक उभा असतो आणि त्याच्या सुखदुःखावरून त्या देशाची परीक्षा होते. माल घेताना जो व्यापारी ठाणाचे दोन्ही पदर उलगडून पाहतो, तोच देश निवडताना वरच्या घडीवर समाधान मानतो, हे थोडे नवलाचेच आहे.

सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यांना देशांतर नवे नाही. यांतील पुष्कळ घराणी गुजरात-राजस्थानकडून आलेली. १८६० मध्ये रेल्वे सोलापुरात पोहोचली, पुढच्या दोन दशकांत कापडगिरणी उभी राहिली, आणि कापूस, सूत, कापड व सावकारी यांच्या आधाराने पेढ्या स्थिरावल्या. मंदिरे झाली, पाठशाळा झाल्या, फलटण गल्लीत जैन संस्कृति संरक्षक संघाचे ग्रंथप्रकाशन सुरू झाले. १८८२ मध्ये याच गावात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी पुढे जहाजे आणि विमाने बांधण्याचे कारखाने काढले. परंतु त्या पूर्वजांच्या स्थलांतरात एक सोय होती, जिचा उल्लेख सहसा होत नाही. ज्या गावाहून निघाले त्या गावाचा दरवाजा त्यांच्यामागे कधी बंद झाला नाही. लग्नकार्याला, तीर्थाला, सुतकाला माणूस परत जाऊ शकत होता, आणि धंदा बुडाला तर कायमचाही. ‘तुम्ही इथे कोणत्या नात्याने राहता?’ असे सोलापूरच्या नाक्यावर त्याला कोणी विचारले नाही.

परदेशात पहिल्या दिवसापासून हाच प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर न ठरवता देश निवडला तर काय होते, याचा सर्वांत मोठा धडा जैन समाजाच्याच इतिहासात आहे.

जामनगरच्या आसपासच्या खेड्यांतील हालारी वीसा ओसवाळ समाजाचे पहिले तरुण १८९९ च्या सुमारास मोंबासाच्या बंदरावर उतरले. घरी शेती कोरडी, दुष्काळाचे दिवस. तिकडे इंग्रजांची रेल्वे मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवराकडे सरकत होती. रेल्वे जिथे थांबे तिथे बाजार भरे, आणि बाजारात किराण्याचे नाहीतर कापडाचे एक दुकान ओसवाळाचे असे. दोन पिढ्यांत नैरोबी, मोंबासा, थिका येथे पेढ्या, शाळा, वाड्या आणि देरासरे झाली. देशाची निवड व्यापाराच्या दृष्टीने अचूक ठरली होती. नागरिकत्वाचा विचार करण्याची तेव्हा गरजच नव्हती. भारतातही इंग्रजांचे राज्य, केनियातही इंग्रजांचे.

१२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला. आशियाई कुटुंबांना नागरिक म्हणून नाव नोंदवण्यासाठी दोन वर्षांची मुदत मिळाली. बहुतेकांनी ती जाऊ दिली आणि ब्रिटिश पासपोर्ट कपाटात जपून ठेवला. वेळ आली तर लंडनला जाता येईल, असा तो हिशेब. १९६७ मध्ये केनियाने कायदे केले: जो नागरिक नाही त्याला कामाचा परवाना लागेल, आणि ठरावीक भागांत, ठरावीक मालाचा व्यापार त्याला करता येणार नाही. कुटुंबे विमानाच्या तिकिटांसाठी रांगा लावू लागली. तेव्हा ब्रिटनच्या संसदेने अवघ्या तीन दिवसांत कायदा संमत केला आणि १ मार्च १९६८ पासून ज्याचे आई-वडील वा आजी-आजोबा ब्रिटनमध्ये जन्मले नाहीत, अशा आशियाई पासपोर्टधारकांच्या प्रवेशावर वार्षिक मर्यादा घातली. पासपोर्ट ब्रिटिश; पण त्यावर ब्रिटनमध्ये पाऊल ठेवण्याचा हक्क उरला नव्हता. १९७२ च्या ऑगस्टमध्ये युगांडाच्या इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांची मुदत दिली, तेव्हा तर नागरिकत्व घेतलेल्या अनेकांचे कागदही तपासणीत फेटाळले गेले.

त्या काळात काही व्यापारी घरांनी निराळी युक्ती केली. थोरला भाऊ केनियाचा नागरिक झाला, जेणेकरून दुकान चालू राहील. मधल्याने ब्रिटिश पासपोर्ट ठेवला. धाकट्याचा भारताचाच राहिला. एका घरात तीन पासपोर्ट! लोकांनी त्याला दुटप्पीपणा म्हटले. पेढीच्या भाषेत मात्र तो साधा विचार होता: सगळा माल एका गोदामात ठेवू नये. त्यांतील पुष्कळ घरे पुढे ब्रिटनमध्ये सावरली. लेस्टरच्या जैन मंदिराची प्रतिष्ठा १९८८ मध्ये झाली, लंडनच्या उत्तरेस पॉटर्स बार येथील ओसवाळ केंद्रात २००५ मध्ये देरासर उभे राहिले. ही शोभा आज दिसते. तिच्याआधी दुकानाच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हातात देऊन निघालेली एक पिढी होती, हे विसरले जाते.

आजच्या घरात हाच विचार कसा लागू पडतो? भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे परक्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारताचे संपते. त्यानंतर मिळते ते ओसीआय कार्ड. त्यावर आयुष्यभर ये-जा करता येते, घर घेता येते, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली शेतजमीन राहते. शेतजमीन खरेदीची ही मनाई परदेशस्थ भारतीय नागरिकालाही आहे. बार्शी वा अक्कलकोट तालुक्यात ज्यांच्या जमिनी आहेत त्यांनी ती मुलाच्या जाण्याआधीच ध्यानात घ्यावी.

दुबईकडे सोलापूरचा ओढा स्वाभाविक आहे. विमानाने तीन-साडेतीन तासांचा रस्ता, शाकाहारी जेवणाची अडचण नाही, पगारावर आयकर नाही. व्यापारी नफ्यावर मात्र जून २०२३ पासून सुरू होणाऱ्या हिशेबी वर्षांना, ३,७५,००० दिरहमांच्या वर, नऊ टक्के कर लागू झाला आहे. १ मे २०२२ रोजी भारत व अमिराती यांच्यातील व्यापार करार अमलात आल्याने भारतीय टॉवेल-चादरींवरील आयातशुल्काचा भारही उतरला. टेरी टॉवेलच्या कारखानदाराला हे सांगावे लागत नाही. पण तिथे माणूस राहतो तो परवान्यावर. साधा परवाना दोन वर्षांचा, मोठी गुंतवणूक असेल तर दहा वर्षांचा. वीस वर्षे राहिले म्हणून नागरिकत्वाचा हक्क उत्पन्न होत नाही. पेढीची शाखा काढायला हा देश उत्तम आहे. नातवंडांचे गाव म्हणून त्याच्याकडे पाहणाऱ्याने मात्र परवाना संपल्यानंतरच्या दिवसाचा विचार आधी करावा. दुसऱ्या बाजूने, भारताचा पासपोर्ट तिथे सोडावा लागत नाही, म्हणजे सोलापूरचा दरवाजा पूर्ण उघडा राहतो. हा लाभ लहान नाही.

कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन यांचे उलटे. तिथे काही वर्षांनी नागरिक होता येते. कॅनडात पाच वर्षांतील १,०९५ दिवस प्रत्यक्ष राहावे लागते. पण मुलगा नागरिक झाला म्हणजे घर तिकडे गेले असे होत नाही. आई-वडिलांचे काय, हा प्रश्न एजंटाच्या माहितीपत्रकात शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात असतो, आणि एकत्र कुटुंबाच्या दृष्टीने तोच पहिल्या पानावर असायला हवा. ऑस्ट्रेलियात पालकांच्या साध्या कायम निवासाच्या अर्जाची रांग तीस वर्षांच्या आसपास आहे. साठीच्या वडिलांनी आज अर्ज केला तर! जास्त पैसे भरून घ्यायचा दुसरा मार्ग आहे; त्यात माणशी अठ्ठेचाळीस हजार डॉलरच्या आसपास भरावे लागतात, आणि थांबावे तिथेही लागतेच. ब्रिटनने २०१२ पासून नियम इतके कडक केले आहेत की, वृद्ध पालकाला रोजच्या देखभालीची गरज आहे आणि ती मायदेशी पैसे देऊनही मिळू शकत नाही, हे सिद्ध करावे लागते. सोलापुरात पैसे देऊन बाई ठेवता येते, एवढे कारण नकाराला पुरते. कॅनडाच्या ‘सुपर व्हिसा’वर आई-वडिलांना एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते, मात्र किमान एक लाख डॉलरचा आरोग्यविमा लागतो. कायम निवासाचे निमंत्रण तिथे सोडतीवर अवलंबून. अमेरिकेत नागरिक झालेला मुलगा आई-वडिलांना वर्षमर्यादेशिवाय बोलावू शकतो, परंतु भारतात जन्मलेल्या नोकरदाराला नागरिकत्वाच्या आधीच्या ग्रीन कार्डासाठीच, देशागणिक सात टक्क्यांच्या मर्यादेमुळे, कित्येक वर्षे तिष्ठावे लागते. तोवर आई-वडिलांचे वय थांबत नाही.

आणि बोलावता आले तरी त्यांचे तिथले दिवस कसे जातील? साधू-साध्वींचा विहार पायी होतो. समुद्रापलीकडे ते जात नाहीत. १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आत्मारामजी महाराजांना आले, तेव्हा मुनिमर्यादेमुळे त्यांनी वीरचंद गांधी या श्रावकाला पाठवले. आचार्य तुलसींनी १९८० मध्ये तेरापंथात समण श्रेणी स्थापली, ती याच अडचणीवरचा एक मार्ग. चातुर्मासात रोज प्रवचनाला बसणाऱ्या आजींना परदेशात प्रवचन ऐकायचे ते बहुधा पडद्यावरच.

रात्रिभोजनत्यागाचे गणितही देशागणिक बदलते. दुबईत वर्षभर सूर्यास्त साडेपाच ते सव्वासातच्या दरम्यान, म्हणजे सोलापूरच्या सवयीपासून फार दूर नाही. लंडनमध्ये जूनमध्ये सव्वानऊनंतर आणि डिसेंबरमध्ये चारच्याही आत. हिवाळ्यात नोकरी करणाऱ्या सुनेला संध्याकाळचे जेवण कचेरीच्या टेबलावर साडेतीनला उरकावे लागेल, नाहीतर नियम सोडावा लागेल. बिनकांद्याच्या भाजीची चौकशी सगळे करतात. सूर्यास्ताची वेळ कोणी पाहत नाही. ती कोणत्याही पंचांगाइतकी सहज मिळते.

पेढीच्या वह्यांचेही आधीच पाहावे. नोकरी वा धंद्यासाठी मुलगा देश सोडतो त्या दिवसापासून विदेशी चलनाच्या कायद्यात तो अनिवासी ठरतो. आयकर मात्र दिवस मोजतो. दोन कायदे, दोन मोजमापे. बँकेतले साधे बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते. भागीदारीत त्याचे नाव ठेवायचे तर नफा-भांडवल परत बाहेर नेता न येण्याच्या अटीवर, आणि जमीनजुमल्याच्या व्यवहाराचा धंदा असेल तर तेही नाही. हे काम सनदी लेखापालाकडे तासाभराचे आहे, पण तिकीट काढल्यानंतर केले तर वर्षभर पुरते.

देशांची यादी करण्याआधी घरातल्या माणसांची यादी करावी लागते ती यासाठी. कोण जाणार, कोण मागे राहणार, मागे राहणाऱ्याला सत्तराव्या वर्षी कोण सांभाळणार, आणि बाहेरचा दरवाजा बंद झाला तर परतीचा कागद कोणाच्या नावावर शिल्लक असेल. दोन भाऊ असतील तर दोघांनी एकाच देशाचे नागरिक व्हावे का, हा केनियाच्या घरांनी सोडवलेला प्रश्न इथेही मांडता येतो. एकुलता एक असेल तर प्रश्न अधिक अवघड आहे आणि त्याला सोपे उत्तर नाही.

चाटी गल्लीतल्या अशा बैठकीत मुलाची गुणपत्रके, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल, बँकेची प्रमाणपत्रे सगळी एका फायलीत लावलेली असतात. आईचा पासपोर्ट मात्र बहुतेक घरांत काढलेलाच नसतो. जन्मदाखल्यावर आणि लग्नानंतरच्या नावात फरक असतो, तो दुरुस्त करायलाच काही महिने जातात. ज्या घराला देश निवडायचा आहे, त्याने सुरुवात त्या दाखल्यापासून करावी.