पंचांची चादर, डॉक्टरांचे पुस्तक

कंजारभाट समाजात लग्नाच्या पहिल्या रात्रीनंतर पंचांपुढे पांढरी चादर यायची आणि नवरदेवाला सवाल व्हायचा, ‘माल खरा की खोटा?’ त्याच समाजातील तरुण-तरुणी या प्रथेविरुद्ध उभे राहिले, त्यांनी मार खाल्ला, बहिष्कार सोसला. फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्य सरकारने अशी कौमार्य चाचणी लैंगिक अत्याचार ठरवण्याची घोषणा केली. सुशिक्षितांनी जातपंचायतीच्या नावाने नाके मुरडली ती मुरडलीच. पण त्यांच्या घरातली डॉक्टर होऊ घातलेली मुले तेव्हा काय घोकत होती? न्यायवैद्यकशास्त्राच्या पुस्तकातली कुमारिकेची लक्षणे. योनिपटल कसे, स्तन कसे, याची वर्णने होती; ‘खरी कुमारिका’ आणि ‘खोटी कुमारिका’ यांच्यातला फरकही होता. पुरुषाच्या कौमार्याला मात्र एक ओळ नव्हती.

पंचांना निदान विज्ञानाचा आव आणता येत नाही. पुस्तकाला येतो, कारण त्यावर परीक्षेत गुण मिळतात आणि पुढे त्याच्याच बळावर डॉक्टर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तज्ज्ञ म्हणून उभा राहतो. ज्ञान आणि सत्ता एकमेकांना पोसतात, हे मिशेल फुको यांनी १९७६ मध्ये लैंगिकतेच्या इतिहासातून मांडले. आपल्याकडे त्यासाठी वैद्यकीय अभ्यासक्रम उघडला तरी पुरे.

सेवाग्रामचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी या मजकुराला शास्त्रीय आधार नसल्याचे दाखवून दिले आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये तो विषय वगळला. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या आदल्याच वर्षी अशा चाचण्या निराधार ठरवल्या होत्या. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलात्कारपीडितांची ‘दोन बोटांची चाचणी’ करणे हे गैरवर्तन ठरेल, असे बजावले. प्रश्न मिटला, असे वाटावे ना? २०२४ च्या ऑगस्टअखेरीस राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात कौमार्य आणि योनिपटलाचे ‘महत्त्व’ परत आले. भरीला स्त्री-पुरुषांचे समलैंगिक संबंध अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यांच्या यादीत जाऊन बसले. सज्ञानांमधील संमतीचे असे संबंध गुन्हा नाहीत, हा निकाल लागून तेव्हा सहा वर्षे होत आली होती. ओरड झाल्यावर सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात आयोगाने तो अभ्यासक्रम मागे घेतला.

आमची हरकत केवळ मजकुरावर नाही. न्यायालयांनी मोडीत काढलेले धडे पुन्हा घालण्याचा निर्णय कोणी आणि कोणत्या अभ्यासाच्या आधारे घेतला, हे लोकांना कळायला हवे. ज्यांच्या देहाविषयी आणि नात्यांविषयी हे लिहिले जाते, त्यांचा एकही प्रतिनिधी त्या टेबलाशी नसेल तर आणखी काय निघणार? असे मसुदे आधी जाहीर व्हावेत, हरकतींना मुदत मिळावी. शिवाय जुने पुस्तक घोकून बाहेर पडलेले डॉक्टर अजून बरीच वर्षे पीडितांना तपासणार आहेत. त्यांच्यासाठी कार्यशाळा घ्या, असेही न्यायालयाने २०२२ च्या निकालात सांगितले होते. राज्याच्या आरोग्य खात्याने त्या कोणत्या जिल्ह्यांत घेतल्या आणि कोणत्या नाहीत, याची यादी प्रसिद्ध करावी.