गाडी सकाळीच का अडते?

अम्मींचे डायलिसिस आठवड्यातून दोनदा असते. निफाडहून निघून साडेसातला नाशिकच्या दवाखान्यात हजर राहावे लागते. डिसेंबरातल्या एका पहाटे फजरची नमाज आटोपून आम्ही अम्मींना शालीत गुंडाळून गाडीत बसवले आणि सेल्फ मारला. इंजिन गरगर फिरले, पण सुरू होईना. शेवटी शेजारच्या भाईजानांनी आपली गाडी काढली म्हणून त्या दिवशीचा नंबर हुकला नाही.

दुपारी तीच गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली! मेकॅनिक म्हणाले, बॅटरी गेली. आम्ही नवी बॅटरी घातली. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. मग ते म्हणाले, पंप आणि नोझल उतरवावे लागतील. खर्चाचा आकडा ऐकून आम्ही थबकलो. वर्गात मुलांना आम्ही रोज सांगतो की आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा. इथे आम्हीच प्रश्न वाचला नव्हता.

डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी ठिणगी नसते. आत हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटते. थंडीत इंजिनचे लोखंडच ती उष्णता शोषून घेते. म्हणून प्रत्येक सिलिंडरमध्ये एक हीटर प्लग असतो. चावी फिरवली की डॅशबोर्डवर गुंडाळीसारखा पिवळा दिवा लागतो, तो याचाच. तो विझेपर्यंत सेल्फ मारू नये.

आता तपासाचा क्रम पाहू. पहिले, कान. सेल्फ जड, रडत फिरत असेल तर बॅटरी, तिची टर्मिनल किंवा सेल्फची मोटर पाहावी. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते; सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली गेली तर दोष तिथे. आमचा सेल्फ तर जोरात फिरत होता. म्हणजे जुनी बॅटरी आम्ही विनाकारण बदलली.

दुसरे, धूर. कुणाला तरी सायलेन्सरमागे उभे करावे. सेल्फ फिरतो पण धूर अजिबात नाही, तर डिझेल पोहोचत नाही. फिल्टर तुंबलेला असेल किंवा नळीने हवा धरली असेल. फिल्टरवर हातपंप असेल तर तो दाबून पाहावा. त्यानंतर गाडी लगेच सुरू झाली तर हवेचाच संशय घ्यावा. उलट पांढरा धूर आणि कच्च्या डिझेलचा वास आला, तर डिझेल पोहोचते पण पेटत नाही. आमच्याकडे पांढरा धूर होता.

तिसरे, हीटर प्लग. त्यांची वायर सोडवून प्रत्येकाला मल्टिमीटर लावला. चांगला प्लग साधारण एक ओहम किंवा त्याहून कमी दाखवतो. आमच्या चारपैकी तीन प्लगांतून प्रवाहच जात नव्हता. चारही बदलले, तेही इंजिन कोमट असताना, कारण थंड इंजिनात जुने प्लग मोडून आत अडकतात. खर्च बॅटरीच्या निम्म्याहून कमी आला. प्लग ठीक निघाले असते तर त्यांना वीज देणारा रिले आणि फ्यूज पाहिला असता. त्यानंतरच नोझल आणि कॉम्प्रेशनची पाळी.

दोन गोष्टी टाळा. सेल्फ सलग दहा सेकंदांहून जास्त ओढू नका. मध्ये अर्धा मिनिट थांबा. आणि हीटर प्लगच्या गाडीत हवेच्या वाटेने इथरचा फवारा कधीही मारू नका, आत स्फोट होऊन इंजिन फुटू शकते.

मेकॅनिकला आम्ही लबाड म्हणणार नाही. काय बदलायचे, एवढेच आम्ही त्यांना विचारले. कशावरून म्हणता, हे विचारलेच नाही. आता पहाटे पिवळा दिवा विझेपर्यंत आम्ही थांबतो. मागच्या सीटवरून अम्मी विचारतात, "झाली का सुरू?" तोवर अल्हम्दुलिल्लाह, गाडी सुरू झालेली असते.