इंग्रजी कुणासाठी शिकायची?

"मुलींना इंग्रजी शिकायची इच्छाच नसते," हे वाक्य जालना जिल्ह्यात काम करताना मी सारखी ऐकते. प्राध्यापक म्हणतात, पालक म्हणतात, आणि ऐकून ऐकून मुलीही तेच म्हणायला लागतात. इच्छा जणू जन्माला येतानाच कुणाला मिळते, कुणाला नाही! मला हे मान्य नाही. इच्छा कुठून येते आणि कुठे मारली जाते, हे मुलीच्या बाजूने पाहायला हवं.

कॅनडातल्या गार्डनर आणि लॅम्बर्ट या अभ्यासकांनी परकी भाषा शिकण्यामागच्या दोन प्रेरणा सांगितल्या. एक, ती भाषा बोलणाऱ्यांत मिसळावंसं वाटणं. दुसरी, नोकरी-शिक्षणासाठी ती भाषा हवी असणं. पहिली प्रेरणा जास्त फळते असं त्यांना आधी वाटत होतं. पण १९७२ साली यास्मीन लुकमानी यांचा मुंबईतल्या मराठी भाषक हायस्कूल विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ही मुलं पाश्चात्त्य वळणाच्या घरांतली नव्हती. त्यांना साहेब व्हायचं नव्हतं. आपल्या समाजात पाय रोवूनच त्यांना इंग्रजी हवी होती, ती कामासाठी. आणि ही कामाची प्रेरणा ज्यांच्यात जास्त, त्यांची इंग्रजीही अधिक चांगली निघाली.

म्हणजे आपल्याकडे इंग्रजीचं गाडं उपयोगावर चालतं. मग मुलीच्या वाट्याला कोणता उपयोग येतो? मुलाला सांगतात, इंग्रजी शीक, पुण्याला कंपनीत लागशील. मुलीला सांगतात, चार वाक्यं इंग्रजी आली तर चांगलं स्थळ येईल, पुढे पोरांचा अभ्यास घेता येईल. उपयोग दोन्हीकडे आहे, पण मुलीला सांगितलेला उपयोग तिचा स्वतःचा नाही. ती तयारी दुसऱ्याच्या घरासाठी आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) जालना जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या साधारण तिघींपैकी एकीचं लग्न अठराव्या वर्षाच्या आत झाल्याचं दिसतं. त्यातून वाचून जी कॉलेजात पोचली, तिच्यासाठीही घरात स्थळं पाहणं चालूच असतं. पदवीचं दुसरं वर्ष पुरं होईल की नाही हे जिला माहीत नाही, तिने पाच वर्षांनी उपयोगी पडणाऱ्या भाषेत जीव का ओतावा?

शिवाय वेळ आणि पैसा. मंठा, घनसावंगी, भोकरदनच्या खेड्यांतून मुलगी एसटीने येते. अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास बारावीपर्यंतच. पुढे सवलत असली तरी पासाचे पैसे घरी मागावे लागतात. तास संपला की गाडी गाठायची, घरी जाऊन भाकरी थापायच्या. कापूस वेचणीच्या दिवसांत तासही बुडतात. इंग्रजी बोलण्याचा क्लास शहरात, संध्याकाळी, फी भरून. तो भावासाठी. आणि वर्षअखेरीला गुण दोघांचे एकाच मापाने मोजायचे!

सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, तो स्थळासाठी नव्हे. जातीच्या जाचातून सुटण्याचं साधन म्हणून धरला. हा उपयोग आपण मुलींना सांगतो का? उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं. दवाखान्याचा रिपोर्ट, सोनोग्राफीचा कागद, औषधाची पट्टी इंग्रजीत. आपल्याच शरीराबद्दलचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागणं ही साधी अडचण नाही, तो परावलंबीपणा आहे.

काही जणी म्हणतील, आपण मराठीचा आग्रह धरायचा की इंग्रजीचा? कोर्टाने, दवाखान्याने मराठीत बोलावं ही मागणी सोडायची नाहीच. पण ती पुरी होईपर्यंत आपल्या मुलींनी तो कागद हातात धरून नुसतं बसायचं का?

तेव्हा मुलींना आवडीचा उपदेश पुरे. मोफत पास पदवीपर्यंत मिळावा, अशी मागणी आपण लावून धरू. इंग्रजी बोलण्याचा तास कॉलेजच्या वेळेतच, गावची गाडी सुटायच्या आत व्हावा, म्हणून प्राचार्यांना भेटू. आणि आपल्या मंडळांत मुलींपुढे असे खरे कागद ठेवू. त्यांचा अर्थ मराठीत बोलू, मग इंग्रजीत वाचू. लग्न लांबवण्यासाठी आईवडिलांशी बोलणं तर आपण करतोच. तेही इंग्रजीच्या शिक्षणाचंच काम आहे, असं मी मानते.