ई20 पेट्रोल आणि रीमॅप: जास्तीत जास्त पॉवरची ट्यून घ्यायची की गाडीला झेपेल तेवढी?

माझ्याकडे 2017 ची पोलो जीटी टीएसआय आहे. सेकंड हँड घेतली. आधीच्या मालकाने एअर इनटेक आणि इंटरकूलर बदलून ठेवला होता. कंपनीचे आकडे 105 पीएस आणि 175 एनएम टॉर्क. फेरारी नाही, पण नुकत्याच नोकरीला लागलेल्या आपल्यासारख्या पोरांची स्पोर्ट्स कार हीच! कोथरूड ते हिंजवडी, रोज जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर.

या वर्षी ठरवलं, इंजिनचा रीमॅप करायचा. माहिती काढायला लागलो तेव्हा कळलं, तीन-चार वर्षांपूर्वीचे सल्ले आता जसेच्या तसे चालत नाहीत. कारण पंपावरचं पेट्रोलच बदललंय.

ई20 ने नेमकं काय बदललं?

20 टक्के इथेनॉल असलेल्या ई20 पेट्रोलची विक्री 2023 मध्ये सुरू झाली आणि 2025 पर्यंत ते देशभर नेहमीचं पेट्रोल झालं. त्याविरोधातली याचिका सुप्रीम कोर्टाने 1 सप्टेंबर 2025 रोजी फेटाळली. म्हणजे ते राहणार, हे धरूनच चालायचं.

आता थोडं गणित. 1 किलो शुद्ध पेट्रोल नीट जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त 9 किलो. ई20 साठी हा आकडा साधारण 13.5 येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला जास्त इंधन द्यावं लागतं. गाडीचा ईसीयू ऑक्सिजन सेन्सर बघून ते वाढवतो, म्हणून गाडी नॉर्मल चालते. पण इंजेक्टर आणि फ्यूल पंपाची थोडी क्षमता तिथेच खर्च होते. वरून टर्बोचा बूस्ट वाढवला, की अजून इंधन लागणार.

फायदाही आहे. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त आणि ते आत जाणाऱ्या हवेला थंड करतं, त्यामुळे नॉकिंगचा धोका कमी होतो. नॉकिंग म्हणजे इंधन चुकीच्या वेळी, चुकीच्या जागी पेटणं. ते वाढलं की पिस्टनची वाट लागते. "ई20 आहे ना, मग बिनधास्त जास्त पॉवर घे" हे ट्यूनर लोक म्हणतात ते याच जोरावर. अर्धंच खरं आहे ते.

मला मिळालेले तीन पर्याय

पहिला, ट्यूनिंग बॉक्स. हा सेन्सरच्या वायरमध्ये बसतो आणि ईसीयूला बूस्ट कमी असल्याचं भासवतो. स्वस्त, लगेच काढताही येतो. पण ईसीयूला खोटी माहिती देऊन चालणारी गोष्ट मला रोजच्या गाडीत नको होती.

दुसरा, स्टेज 2. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेला डाउनपाइप आणि 100 ऑक्टेन पेट्रोलसाठीची फाइल. ते पेट्रोल मिळतं, पण लिटरला दीडशे रुपयांच्या पुढे आणि मोजक्याच पंपांवर. सातारा-कोल्हापूरला निघालो आणि वाटेत साधंच भरावं लागलं तर?

तिसरा, स्टेज 1 ची रेडीमेड फाइल. कागदावर 245 एनएम. इथे मी थांबलो. माझ्या गाडीतल्या 7 स्पीड ड्राय क्लच डीएसजी गिअरबॉक्सची मर्यादा 250 एनएम आहे. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये क्लच आधीच तापलेला असतो. तिथे रोज मर्यादेला टेकून चालवायचं? गिअरबॉक्सचं काम निघालं तर ट्यूनच्या कितीतरी पट खर्च. माझ्या पगारात तो बसत नाही.

शेवटी काय घेतलं?

त्याच ट्यूनरकडून फाइल बदलून घेतली. टॉर्क 220 एनएमला रोखला. 2,000 आरपीएमच्या खाली तो हळूहळू वाढेल असं सेट केलं, म्हणजे क्लचवर झटका येत नाही. आणि मुख्य अट घातली: टाकीत साधं पंपावरचं पेट्रोल असतानाच डायनोवर टेस्ट करायची. माझा नियम सोपा आहे. वाटेत जे सगळ्यात साधं पेट्रोल भरावं लागू शकतं, ट्यून त्याच्यासाठी हवी.

मोबाइलवर आधी हे बघा

ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर आणि एखादं ॲप पुरतं. आठवडाभर दोन आकडे नोंदवा.

1. लाँग टर्म फ्यूल ट्रिम: माझ्या गाडीत हा अधिक 7 टक्के होता. म्हणजे ईसीयू आधीच जास्त इंधन देत होता. आकडा 10 च्या पुढे असेल तर आधी कारण शोधा, ट्यून नंतर.
2. इनटेक हवेचं तापमान: एप्रिल-मेच्या दुपारी, ट्रॅफिकमध्ये बघा. हवा जितकी गरम, तितका नॉकिंगचा धोका जास्त.

हे लॉग बघायलाही तयार नसेल, तो ट्यूनर सोडून द्या. फुल थ्रॉटल टेस्ट रस्त्यावर नाही, डायनोवरच.

कायद्याचं काय?

हे गोड लागणार नाही, तरी सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून दूर नेणारे बदल करायला मनाई करतं. कलम 182ए मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीची तरतूद आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला तर प्रदूषणाचा प्रश्न वेगळाच. "सॉफ्टवेअर कुणाला दिसतंय?" असं म्हणणारा ट्यूनर अपघातानंतर विमा कंपनीसमोर तुमच्या बाजूला उभा राहणार नाही. वॉरंटीतल्या गाडीला तर मी हात लावला नसता. माझी वॉरंटी संपलेली होती, आणि उरलेली जोखीम माझी आहे हे समजून मी सही केली.

मित्रांच्या ग्रुपवर माझा डायनोचा आकडा सगळ्यात छोटा आहे. चालतंय. सोमवारी सकाळी गाडी ऑफिसला न्यायची असते.